नव्या रायफलीवरचं कार्ड

"अभिप्रायाच्या कागदावर 'उत्तम' एवढंच लिही आणि सही कर," क्लबचे प्रशिक्षक खाडे सर म्हणाले. "क्लबच्या अध्यक्षांचा मेहुणा बाहेर चहा पीत बसलाय. रायफल त्यानेच आणलीय विकायला."

वृषालीने आत्ताच त्या रायफलीने मारलेलं निशाण्याचं कार्ड काढून पाहिलं. नव्या एअर रायफलीत एकदा छर्ऱ्यांची चकती भरली की पुन्हा पुन्हा छर्रा घालावा लागत नव्हता, हे खरं. पण चकती फिरताना छर्रा तिरका बसायचा आणि काळा गोल सोडून भलतीकडेच जायचा. कार्डाची नुसती चाळणी झाली होती.

"नाही लिहिणार, सर. क्लबात नव्या आलेल्या पोरींच्या हातात हीच द्यायचीय ना? नेम चुकला की त्या स्वतःलाच दोष देत रडतील."

"फार शहाणी झालीस! मग हे कार्ड तुझ्या नावाने भिंतीवर लागेल. मारलेलं कार्ड लपवायचं नाही, हा क्लबचा नियम आहे. उद्या निवड समिती भिंतीवरची कार्डं बघूनच संघ ठरवणार. जिल्ह्याकडून खेळायचंय की नाही?"

त्या संघासाठी वृषालीने कॉलेजची सहल सोडली होती, बहिणीची हळदसुद्धा.

तिने कार्डावर ठळक अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं आणि भिंतीच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते चिकटवलं. मग परत येऊन चकती भरली आणि नळी निशाण्याकडे करून रायफल टेबलावर ठेवली.

"या सर, आता तुम्ही मारा. तुमचं कार्ड माझ्या शेजारीच लावते."