कानाचं मशीन

लॅपटॉपवर पुन्हा तीच पाटी आली : यूएसबी डिव्हाइस ओळखता येत नाही.

तनुजानं वायर काढली आणि दुसऱ्या खाचेत लावली. राजाबाईच्या कानामागं बसवलेल्या मशीनची बारीक तार टेबलावरच्या एका डबीत जात होती, आणि डबीची वायर लॅपटॉपमध्ये. लॅपटॉपनं डबी ओळखली तरच मशीन सुरू करून त्याचा आवाज लावता येणार होता.

"अजून किती वेळ, मॅडम?" राजाबाईच्या थोरल्या मुलानं, अजिनाथनं विचारलं. "दुपारून रजिस्ट्री हाये आमची."

"मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीच्या माणसानं त्यांचं सॉफ्टवेअर टाकलं यात. डबी लावली की त्याचाच ड्रायव्हर तिला धरून बसतो. आमच्या सॉफ्टवेअरला मग ती दिसतच नाही."

अजिनाथला काही कळलं नाही. त्यानं मान डोलावली.

गारखेड्यातल्या त्या एका खोलीच्या क्लिनिकात उकडत होतं. खाली गल्लीत टँकर आला होता, त्याच्याभोवती भांड्यांची आदळआपट चालली होती. राजाबाईला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ती मांडीवर हात ठेवून बसली होती. मधेच मोठ्यानं म्हणाली, "अजिनाथा, मेंढरं पाण्यावर गेली असतील ना रं आता?"

अजिनाथनं हातानं दूर कुठंतरी दाखवलं आणि मान हलवली. म्हातारीचं समाधान झालं.

"कुठं असतात मेंढरं?" तनुजानं सहज विचारलं.

"कुठं असणार? विकली." धाकट्या रामहरीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "दिवाळीच्या आधीच. विहिरीत चिखलसुदिक नव्हता राहिला. हिला वाटतं, सखाराममामा घेऊन गेलाय कन्नडच्या घाटाखाली. मामा चितेगावला कंपनीच्या गेटवर बसतोय, शिट्टी घेऊन."

"त्यांना सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगावं कसं? ऐकू कुठं येतं तिला."

तनुजा पुन्हा लॅपटॉपकडं वळली. तो ड्रायव्हर काढून टाकला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. डबी लावली. नेटवरून तोच ड्रायव्हर परत आपोआप येऊन बसला. डबीच्या नावापुढं पिवळा त्रिकोण.

"मागल्या बारीला रजिस्ट्रीच्या साहेबानं हिला इचारलं," अजिनाथ म्हणाला, "आजी, जमीन राजीखुशीनं विकताय का? तर ही म्हणली, घाटाखाली चारा बरा हाये औंदा. साहेबानं माघारी लावलं आम्हाला. म्हणला, बाईला ऐकू येईल तवाच या."

"पैठण रोडला हाये जागा," रामहरी म्हणाला. "प्लॉटिंगवाला काय जन्मभर थांबणार नाय. मॅडम, हे मशीन ट्रायलवर देता ना तुम्ही? उद्या सकाळी आणून देतो."

"उद्या? सवय व्हायलाच आठवडे लागतात."

"सवय कशाला? घरी काय ऐकायचंय तिला रोज?"

तनुजानं दुसऱ्या कंपनीचं सगळं सॉफ्टवेअरच उडवलं. नेट बंद केलं. वायर काढून लॅपटॉप परत चालू केला, आपल्या कंपनीचा ड्रायव्हर नव्यानं टाकला आणि मग डबी जोडली.

डबीवर हिरवा दिवा लागला. पडद्यावर मशीनचं नाव आलं. तनुजानं आवाज हळूहळू वर नेला.

राजाबाईनं दचकून छताकडं पाहिलं. पंखा कुरकुरत होता. मग तिनं खिडकीकडं मान वळवली. खाली कुणीतरी टँकरवाल्याला शिव्या देत होतं. तिचा हात कानाकडं गेला आणि तिथंच थांबला. पोरांचं लक्ष नव्हतं.

"आता जपून हां," रामहरी हळूच भावाला म्हणाला. "रजिस्ट्री होईस्तोर मेंढरांचं नाव काढू नको."

"कोणत्या मेंढरांचं?"

राजाबाईनं विचारलं होतं. सकाळपासून पहिल्यांदा ती ओरडली नव्हती. आवाज अगदी बारीक होता, तिलाही नवा वाटावा असा.

अजिनाथचा हात सवयीनं वर उठला.

"हात खाली घे. तोंडानं सांग."

अजिनाथनं रामहरीकडं पाहिलं. रामहरी खिडकीकडं बघत होता.

"विकली, माय. पाणी नव्हतं. चारा नव्हता. डोळ्यांदेखत मेली असती."

"कुणाला?"

अजिनाथनं पुन्हा रामहरीकडं पाहिलं. एवढी मेंढरं एकदम खाटीकच घेतो, हे राजाबाईला ठाऊक होतं.

"ढवळी बी?"

"समदी."

"आन सख्या?"

"मामा चितेगावला हाये. कंपनीत."

"मी रोज इचारत व्हते," ती म्हणाली. "तो साहेब काय म्हणत व्हता मला, मागल्या टायमाला?"

"जमिनीचं, माय," अजिनाथ खाली बघत म्हणाला. "इकायचीय. आता मेंढरंच नाय, तर ती बसवायला जमीन कशापायी ठेवायची?"

तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही 'काय?' म्हणाली नाही. तनुजाचा हात माउसवर तसाच होता.

"आजी, आवाज जास्त होतोय का?" तिनं विचारलं. "कमी करू?"

राजाबाईनं मान हलवली. नको. तनुजानं वायर सोडवली, तशी म्हातारी गुडघ्यावर जोर देऊन उठली. पदर डोक्यावर घेतला, मशीन दिसणार नाही असा कानावरून नीट ओढला आणि थोरल्या पोराकडं वळली.

"चल. साहेबापुढं मी काय म्हणायचं, ते बी आत्ताच सांगून ठेव. आता ऐकू येतंय मला."