फाटकाच्या आत

"अहो, हात द्या. नुसते बघत काय उभे राहिलात?"

मेकॅनिकनं बायकोला हात दिला आणि कित्येक वर्षांनी दफनभूमीच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं, तर आजही तो बाहेर स्कूटरवरच बसून राहिला असता. दर वर्षी ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी, तो तिला पहाटे चर्चपाशी सोडायचा, मग इथं आणायचा. त्यापुढचं तिचं तिनं बघायचं, असंच चालत आलं होतं.

लेक गेली तेव्हा सहा वर्षांची होती. साधा ताप आला आणि बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. पाळक म्हणाले, "ती निजली आहे. प्रभू उठला, तशी तीही उठेल. आपल्या विश्वासाचा गाभाच तो आहे."

"उठवायचीच होती, तर निजवली कशाला?" एवढंच तो बोलला. त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नाही.

कबरीपाशी बायको ओल्या फडक्यानं दगड पुसायला लागली. कोवळं ऊन पडलं होतं. तो थोडा वेळ अवघडून उभा राहिला, मग आपणहून बोलू लागला. लेक गॅरेजमध्ये गाडीखाली कशी सरपटत यायची. साखर कुठेही लपवली तरी कशी हुडकून काढायची, म्हणून तर तो तिला मुंगी म्हणायचा.

"पान्यांचे नंबर पाठ होते तिला," तो म्हणाला.

"हो, आणि एक फ्रॉक धड ठेवला नाही तुम्ही बापलेकीनं. ग्रीसचे डाग काढता काढता माझे हात सोलून निघायचे."

दोघंही हसली. हसता हसता तो थांबला. टकलावरून हात फिरवत म्हणाला, "एक विचारू?"

"विचारा की."

"ती उठेल तेव्हा आपल्याला ओळखेल का गं? माझे केस काळेभोर होते तेव्हा. तू अशी काडीसारखी. दोन थेरडी समोर बघून घाबरायची पोर."

बायकोचा हात दगडावरच थबकला. या घरात वाट पाहणारी आपण एकटीच, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"मरीयेनं तरी कुठं ओळखलं होतं?" ती सावकाश म्हणाली. "प्रभू उठला त्या पहाटे रिकाम्या कबरीपाशी रडत उभी होती. समोर खुद्द प्रभू, आणि हिला वाटलं, बागेतला माळी आहे. त्यानं नावानं हाक मारली, तेव्हा ओळख पटली."

तो घसा खाकरून म्हणाला, "केस गेले, दात गेले. आवाज तेवढा तोच आहे माझा."

"मग पहिली हाक तुम्हीच मारा."