हे पाणी नाही

“पाणी मिळेल का गं?” टेबलाशी आलेल्या काकूंनी विचारलं. सकाळपासून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला सगळे एवढंच विचारत होते.

“हे पाणी नाही,” टीपकागद म्हणाली. वर्गात तिला टीपकागद म्हणत, कारण ती सगळं शोषून घ्यायची आणि परत काही द्यायची नाही. काकूंनी टेबलावरच्या काचेच्या चंबूकडे पाहिलं. एवढीशी पोर आणि घोटभर पाण्यालाही नाही म्हणते, असा चेहरा करून त्या पुढे गेल्या.

पुढच्या टेबलावर ज्वालामुखी होता. वर्गात ज्याला भोंगा म्हणत, तो मुलगा तो पुन्हा पुन्हा फोडायचा आणि लोक दर वेळी नव्याने दचकायचे. खरं तर दोघांचं सामान एकच होतं, व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा. भोंग्याचं तिथल्या तिथे फसफसून वाहून जायचं. टीपकागदने तेच घरी आटवलं होतं, गाळलं होतं आणि धक्का न लावता गार होऊ दिलं होतं. दिसायला ते नितळ पाणीच होतं, पण पेलवेल त्याहून जास्त मीठ पोटात घेऊन गप्प बसलेलं. हे मीठ खायचं नव्हे, सोडियम ॲसिटेट नावाचं. वरून त्याचा एक कण टाकला किंवा जोराचा धक्का बसला, की बघता बघता सगळं पांढरं आणि दगडासारखं घट्ट व्हायचं. शिवाय विस्तव न लावता गरम व्हायचं. पण हे एकदाच. पुन्हा करायचं तर घरी जाऊन पुन्हा शेगडी पेटवा.

हे एकदाच तिने बाबांसाठी राखून ठेवलं होतं. घरात माणसं दोन आणि किल्ल्याही दोन, त्यामुळे एकमेकांसाठी दार उघडायची वेळ सहसा येत नसे. बोलणं फ्रिजच्या दारावर चालायचं. ‘प्रदर्शनाला या’ असा कागद तिने चिकटवला होता. सकाळी त्याखाली ‘येतो’ आलं होतं.

दुपारी विज्ञानाच्या सरांकडे तक्रार गेली, की एक मुलगी पाणी समोर असून देत नाही. सर व्यवहारी माणूस. त्यांनी पाण्याने भरलेला जग आणि पेले आणून तिच्या टेबलावर मांडले, तिचा तक्ता उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं : पिण्याचे पाणी. तेवढेच लोक येतील, असं वर म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. ज्वालामुखीपुढची गर्दी इकडे वळली. भोंगासुद्धा दोनदा येऊन पिऊन गेला.

मग परीक्षक बाई आल्या. पेला रिकामा केला, चंबूकडे बोट दाखवलं आणि विचारलं, यात काय आहे? असं विचारणाऱ्या दिवसभरात त्या पहिल्याच. टीपकागदच्या चिमट्यात कण तयार होता. तिने दाराकडे पाहिलं.

“बाबा आले की दाखवते,” ती म्हणाली.

परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं, आणखी अर्धा पेला घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : पाणी थंड.

पहिलं बक्षीस भोंग्याला मिळालं. टीपकागदला उत्तम सेवेबद्दल प्रमाणपत्र मिळालं. दालन रिकामं झालं. शिपाईकाका खुर्च्या एकात एक घालू लागले. बाबा आले तेव्हा सगळे जिने चढून त्यांना धाप लागली होती आणि डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. टीपकागद ताठ उभी राहिली. तिने चंबूचं बूच काढलं, चिमटा वर धरला.

“पाणी आहे का गं?” बाबा म्हणाले.

जग रिकामा होता. पेलेही पालथे घातले होते. तोवर बाबांनी तक्ता वाचला, प्रमाणपत्रही वाचलं, आणि म्हणाले, छान काम दिलं की तुला. मनापासून म्हणाले, हीच पंचाईत होती.

“बाबा, हे...” तिने सुरुवात केली. तेवढ्यात शिपाईकाकांनी पलीकडचे दिवे बंद केले, मग मधले. खाली कुणीतरी हॉर्नवरचा हात काढेना, कारण बाबांनी स्कूटर फाटकात आडवी लावली होती.

“घरी गेल्यावर निवांत दाखव,” बाबा जिना उतरता उतरता म्हणाले.

तिने कण पुडीत ठेवला, बूच लावलं, चंबू मफलरमध्ये गुंडाळला. स्कूटरवर तो पोटाशी धरला, स्वतःच्या आणि बाबांच्या पाठीच्या मध्ये. हळू चालवा, असं तिने सांगितलं, पण ते हेल्मेटपर्यंत पोहोचून तिथेच थांबलं. बोचरा वारा होता. पहिल्या गतिरोधकावर काही झालं नाही. दुसऱ्यावर तिने श्वास रोखला, तेव्हाही नाही. पुढचा खड्डा बाबांना दिसला नाही. स्कूटर उडाली, चंबू हिंदकळला आणि मफलरच्या आत बारीकसं कर्रकन वाजलं. मग हळूहळू तिच्या पोटाला ऊब लागली. उघडून बघायची गरज नव्हती.

सिग्नलला बाबांनी मान थोडी मागे वळवली.

“पाठीला काय गं गरम लागतंय?”

टीपकागदने चंबू आणखी घट्ट धरला.

“पाणी आहे,” ती म्हणाली.

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या ओरडायला लागल्या. बाबा जरासे मागे सरकून बसले.