रिकाम्या खुर्चीचं चित्र

सावेडीतल्या डिझाईन कॉलेजात दया साळवे शिकवायच्या. मुलं सगळी कामं एआयकडूनच करून आणायची. वैतागून एका दुपारी त्यांनी सगळ्यांचे मोबाईल कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि वर्गाच्या मधोमध एक रिकामी खुर्ची मांडली.

“हिच्याकडे बघा आणि हातानं काढा.”

तासाभरानं त्यांनी कागद गोळा केले. कुणी समोरून काढलं होतं, कुणी पाठीमागून. पण बावीसही कागदांवर खुर्चीत एकच म्हातारी बसली होती. ओल्या लुगड्यात, मान खाली घालून.

मॅडमनी एक कागद वर्गासमोर धरला. “ही कोण? खुर्ची तर रिकामी आहे.”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी संस्कृती दबक्या आवाजात म्हणाली, “मॅडम, हळू बोला ना. आजींनी मान वर केलीय.”