उसना वाघ

थीम पार्कमधलं भलंमोठं अस्वल मिठी मारायला वाकलं आणि चार वर्षांच्या चिरंजीवांनी भोकाड पसरलं. मघाशी हौसेने तोंडभर रंगवून घेतलेला वाघ गालांवरून ओघळून गेला. "एकदा हस ना रे राजा, घरचे सगळे फोटोची वाट बघतायत," बाप काकुळतीला आला. सातासमुद्रापार येऊन रडका फोटो पाठवायचा म्हणजे मेव्हण्याला वर्षभर चघळायला विषय.

शेवटी त्याने पोराला बायकोच्या कडेवर दिलं. रांगेतल्या एका परक्या जोडप्याला हातवारे करून विनवलं आणि त्यांची मुलगी फोटोपुरती उसनी घेतली. तिचंही तोंड वाघाचं, डोक्यावर तशीच कानांची टोपी. ती अस्वलाच्या गळ्यात पडून खळखळून हसली.

"अहो, कुणीतरी ओळखेल," बायको म्हणाली.

"एवढ्या रंगाखाली? काहीतरीच तुझं." त्याने फोटो घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

 

लगेच त्याच्या थोरल्या बहिणीचं उत्तर आलं, "कितीही रंग फासा, आपलं रक्त मी लांबून ओळखते. हसताना अगदी बापावर गेलाय."