रास अल खैमाचा सुभेदार

"नाव काय होतं त्याचं?" अबुजरने तिसऱ्यांदा विचारलं.

सूर्यकांतने घाम पुसायच्या निमित्ताने तोंडावरून रुमाल फिरवला. सप्टेंबरातल्या शनिवारची सकाळ, रास अल खैमाबाहेरची खजुरीची बाग आणि फाटकाला आतून कुलूप. गाडी आत येताच या म्हाताऱ्या अरबाने ते स्वतःच्या हाताने लावलं होतं. वर दोघांचे फोनही गाडीतच ठेवायला लावले होते.

अनुपमाने नवऱ्याच्या कोपराला हळूच चिमटा काढला. शारजातून, रोल्ला भागातल्या घरून निघतानाच तिने बजावलं होतं, "अहो, त्यांच्या गावावर तोफा डागायला आलेल्या पलटणीतला होता तुमचा पूर्वज. उगाच शौर्य सांगत बसू नका. आपला व्हिसा आहे इथे. कशाला रिस्क?"

बायकोचं म्हणणं काही खोटं नव्हतं. १८१९ साली कंपनी सरकारने मुंबईहून गलबतं भरून फौज पाठवली आणि या गावाची धूळधाण केली. हुकूम गोऱ्या साहेबांचा, बंदुका आपल्या शिपायांच्या हातात. त्यातलाच एक राणोजी सुभेदार, सूर्यकांतचा सहा पिढ्यांमागचा पूर्वज. "लढाईत पडला" एवढाच निरोप घरी पोचला. देह आलाच नाही. दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. तेव्हापासून दर पितृपक्षात घरात त्याच्या नावाने पाणी सोडतात. वडिलांनी शेवटच्या दुखण्यात सूर्यकांतचा हात धरून सांगितलं होतं, "तू तिथेच आहेस. जागा शोध. एकदा तरी त्याच्या मातीवर पाणी घाल." बारा वर्षं शोधूनही जागा सापडली नव्हती. हमरिया बंदरावरच्या त्याच्या ऑफिसातल्या नागेशने या अबुजरचा पत्ता दिला, तेव्हा सूर्यकांतला रात्रभर झोप लागली नाही.

आणि म्हातारा तर काही दाखवतच नव्हता. नुसता विचारत होता, तेही अस्सल मुंबईच्या हिंदीत. बापाचा तिथे खजुरांचा व्यापार होता म्हणे.

"दोनशे वर्षांपूर्वीच्या नावाचं काय करणार तुम्ही?" सूर्यकांतने हसत विचारलं.

"काम आहे." अबुजर हसला नाही. "आमच्या घरातली अकरा माणसं गेली त्या लढाईत. सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. तुम्ही कसे विसरलात?"

सूर्यकांतने फाटकाच्या कुलपाकडे पाहिलं. जुनं उट्टं काढायचंय तर!

"गणू," तो म्हणाला. "लढणारा नव्हता हो. पखालजी होता, शिपायांना पाणी पाजायचा. बंदुकीला कधी हातही लावला नाही त्याने."

बोलताना त्याची त्यालाच लाज वाटली. ऐन पितृपक्षात आपण आपल्या पूर्वजाला धडधडीत नाकारलं. अनुपमाने मात्र सुटकेचा श्वास सोडला.

"नक्की? सुभेदार वगैरे नव्हता?"

"छे हो! सुभेदार कुठला?"

अबुजरचा चेहरा पडला. त्याने खिशातून किल्ली काढली आणि तो फाटकाकडे चालू लागला. "खलास. मग तुमचा माणूस इथे नाही, हबीबी. माफ करा, उन्हात उभं केलं."

"मग इथे कोण आहे?" सूर्यकांतने मागोमाग जात विचारलं.

"एक हिंदी सुभेदार," अबुजर चालता चालता म्हणाला. "बायकापोरं लपली होती त्या घराला आग लावायचा साहेबाचा हुकूम आला. हा दारात आडवा उभा राहिला. साहेबाने त्याला तिथेच गोळी घातली. माझी खापरपणजी त्या घरात होती, चार महिन्यांची. आम्ही त्याला आमच्याच माणसांत पुरलं, आजवर कबर सांभाळली. त्याच्या घरच्यांना ती एकदा दाखवावी, एवढीच माझ्या बापाची इच्छा होती. मरताना त्या सुभेदाराने नाव सांगितलं होतं. राणोजी."

सूर्यकांतने धावत जाऊन त्याला गाठलं.

"अबुजरभाई, मी खोटं बोललो! घाबरलो होतो. राणोजी सुभेदार आमचेच! देवाशप्पथ सांगतो!"

अबुजरने कुलूप काढलं आणि फाटक सताड उघडलं.

"गेल्या वर्षी दोघे आले होते," तो शांतपणे म्हणाला. "एक जण तर कबरीचा व्हिडिओ काढून घेऊन गेला. एवढी गोष्ट ऐकल्यावर त्या दोघांचाही पूर्वज राणोजीच निघाला. म्हणून तर हल्ली मी नाव आधी विचारतो."