चाकाची पिन

बागेतल्या जुन्या ढकलगाडीचं चाक गंजून अडकलं होतं. सकाळभर हे त्यावर हातोडा आपटत होते. शेवटी मीच तेल सोडलं आणि पकडीने चाकाची पिन ओढून काढली. पुसून पाहिली, तर आईने दिलेला माझा केसांचा चांदीचा आकडा.

"तेव्हा पिन मिळेना, हाताशी होता तो लावला," हे म्हणाले. "तीस वर्षं चाक निखळलं नाही, बघ."

"आणि मी घर डोक्यावर घेतलं तेव्हा?"

"तुझ्या त्या अवतारापुढे कोण तोंड उघडणार?"

त्या दिवशी भांडीवाली पिशवी उलटी करून दाखवत होती, पोरांची शपथ घेत होती. तरी मी तिला चोर म्हणून हाकललं. ती रडत फाटकाकडे निघाली, तेव्हा तिला वाट द्यायला यांनी हीच गाडी जरा बाजूला घेतली होती.